घड्याळ पोळीला लावा, मावशींना नको

पत्र: ताई, विलेपार्ले पूर्वेला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. अकरा वर्षं झाली. लाटायला दोघी, भाजायला एक, भाजीला एक आणि काउंटरवर मी. तवे दोन, एका पोळीला पाऊण मिनिट लागतं. संध्याकाळी सात ते साडेआठ स्टेशनवरून घरी जाणारी माणसं येतात, तेवढ्या वेळात अडीचशे पोळ्या जातात. गर्दीला पुरं पडावं म्हणून आम्ही चारलाच लाटायला घेतो. तरी साडेसातला रांग लागते, कारण तेव्हाच फोनवरच्या ऑर्डरी सुरू होतात आणि भाजणारीला मी डबे भरायला बोलावते. पोळी वातड निघाली म्हणून लोक कुरकुरतात आणि रात्री भाजी उरते ती वेगळीच. गेल्या महिन्यात एका जैन घरी कांदा-लसूण घातलेली भाजी गेली, ते गिऱ्हाईक तुटलं.

माझ्या मुलाला त्याच्या कंपनीत ‘लीन’ आणि ‘कायझेन’चं, म्हणजे नासाडी कमी करून काम थोडं थोडं सुधारत नेण्याच्या जपानी पद्धतीचं, दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. त्याने मनापासून आमच्याकडे बदल करायला घेतले. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या, पोस्टर लावली, कोणाकडून किती चुका झाल्या त्याचा नावानिशी तक्ता लावला. मग मोबाइलवर वेळ लावून लाटणाऱ्यांना मोजलं. एकीला पोळीला ३८ सेकंद लागतात, आमच्या मावशींना ५२. मावशी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहेत. नालासोपाऱ्याहून येतात, अलीकडे उजवा खांदा धरतो त्यांचा, पण जुनी गिऱ्हाइकं त्यांच्याच हातची पोळी मागतात. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत, आज चार दिवस झाले. बाकीच्या बायका विचारतात, लीन म्हणजे माणसं कमी करणार का? मुलगा म्हणतो, जपानमध्ये असंच करतात. हे सगळं बंद करून टाकू का?

उत्तर:

ताई, बंद करू नका. तुमचा मुलगा जे शिकून आला ते खोटं नाही. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका पंपाच्या कारखान्यात तपासणी विभागात मी २६ वर्षं काढली आणि त्यातली निम्मी याच विचाराने काम करण्यात गेली, म्हणून खात्रीने सांगते. पण त्याने घड्याळ भलतीकडे लावलं. ते मावशींना लावायचं नव्हतं, पोळीला लावायचं होतं.

तुम्ही पत्रात आकडे दिलेत हे फार बरं केलंत. कागद घ्या. ३८ सेकंदांना एक म्हणजे तासाला साधारण ९५ पोळ्या. ५२ सेकंदांना एक म्हणजे ६९. दोघी मिळून तासाला १६४ पोळ्या लाटतात. आता तव्याकडे बघा. पाऊण मिनिटाला एक म्हणजे एका तव्यावर तासाला ८०, दोन तव्यांवर १६०. लाटणाऱ्या दोघी तव्यांपेक्षा आत्ताच चार पोळ्या पुढे आहेत! मावशींनी उद्या ५२ चे ४० सेकंद केले, तर काउंटरवर एकही पोळी जास्त येणार नाही. लाटलेल्या पोळ्यांची चळत तव्याशेजारी वाढेल, कडा सुकतील, एकमेकींना चिकटू नयेत म्हणून वर पिठी भुरभुरावी लागेल, तीच पिठी तव्यावर करपेल. म्हणजे मावशींनी अंग मोडून घाई करायची आणि पोळी आणखी वाईट व्हायची.

मावशी हळू नाहीत. त्या तव्याच्या मापात आहेत. हे मुलाला आकड्यांनिशी दाखवा, त्याला पटेल. मावशींनाही हे कोणीतरी तोंडाने सांगायला हवं, आणि मोजणाऱ्यानेच सांगितलं तर जास्त बरं.

आता तेच घड्याळ पोळीला लावू. सव्वाचारला भाजलेली पोळी फडक्यात गुंडाळून डब्यात जाते आणि साडेसातला गिऱ्हाइकाच्या हातात पडते. सव्वातीन तास. त्यातला लाटण्याचा आणि भाजण्याचा वेळ धरा ५२ अधिक ४५, म्हणजे दीड मिनिटाच्या जरा वर. बाकी सगळा वेळ ती पडून असते. तुमचा मुलगा त्या दीड मिनिटातले १४ सेकंद वाचवायला गेला आणि तीन तास त्याच्या डोळ्यांसमोर डब्यात झाकलेले राहिले. त्याला दोष देत नाही. आमच्याकडेही कित्येक वर्षं हेच चाललं होतं. हलणारा हात दिसतो, पडून राहिलेली वस्तू दिसत नाही. टोयोटाच्या कारखान्यात ज्यांनी ही पद्धत घडवली, त्या ताइची ओनोंची एक गोष्ट सांगतात. ते नव्या इंजिनिअरला कारखान्यात जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यात उभं करायचे. हलायचं नाही, नुसतं बघायचं. तासन् तास. मुलाला एक संध्याकाळ सहा ते साडेआठ तुमच्या तव्यासमोर असं उभं करा. मोबाइल घरी ठेवून. पोळी कुठे कुठे थांबते तेवढंच त्याने बघायचं.

तो काय बघेल, याचा अंदाज तुमच्या पत्रावरून मला आत्ताच बांधता येतो. ओनोंचीच सवय होती की काही बिघडलं की ‘का’ हा प्रश्न एकदा विचारून थांबायचं नाही, पाच-पाच वेळा विचारायचा. आपणही विचारू. पोळी वातड का निघते? चारला केलेली असते म्हणून. चारला का करता? सातच्या गर्दीला पुरत नाहीत म्हणून. का पुरत नाहीत? तवे मधेच थांबतात म्हणून. का थांबतात? भाजणारी गॅस बारीक करून डबे भरायला जाते म्हणून. ती का जाते? फोन वाजला की तुम्ही हाक मारता म्हणून.

ताई, राग मानू नका. ही साखळी धरून गेलं की शेवटी बहुतेक वेळा काम ठरवून देणाऱ्याच्याच दारात पोचायला होतं. तुमचे दोन तवे मिळून साडेबावीस सेकंदांना एक पोळी देतात. भाजणारी दोन मिनिटं काउंटरवर गेली की पाच पोळ्या गेल्या. संध्याकाळभरात अशा दहा फेऱ्या झाल्या तर पन्नासेक पोळ्या, आणि त्या पन्नास पोळ्यांच्या धास्तीने तुम्ही चारला बसता.

फोनवरच्या ऑर्डरी सहापर्यंतच घ्या, नंतर फोन बंद. लोकांना व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा, चिठ्ठ्या साडेसहाला लिहून खिळ्याला टोचून ठेवा. भाजणारीला सात ते साडेआठ कोणीही हाक मारायची नाही, तुम्हीसुद्धा. तवे अखंड चालले तर त्या दीड तासात २४० पोळ्या होतात. साडेसहाला सुरुवात केलीत तर हाताशी आणखी ८०. म्हणजे ३२०, आणि तुम्हाला लागतात २५०. चारला बसायची गरजच उरत नाही, आणि गिऱ्हाइकाला मिळणारी पोळी फार तर अर्ध्या तासापूर्वीची असेल. पण एकदम उडी मारू नका. आधी फोनचा नियम लावा. काय होतंय ते बघा, मग चारचे पाच करा, मग साडेपाच. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशामुळे काय सुधारलं ते कळत नाही. जमलं नाही तर माघारी या, त्यात कमीपणा नाही. कायझेन म्हणजे दुसरं काही नाही, ‘काई’ म्हणजे बदल आणि ‘झेन’ म्हणजे चांगला.

भाजीचं दुखणं निराळं आहे. ओनो सगळ्या नासाडींत सर्वांत वाईट मानत ती गरजेपेक्षा जास्त करून ठेवण्याची, कारण तिच्या ढिगाखाली बाकीच्या चुका झाकल्या जातात. त्यांना वाट दाखवली ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या पद्धतीने. गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलतं, तेवढंच मागून येऊन भरलं जातं. १९५६ साली अमेरिकेला गेल्यावर त्यांनी ती दुकानं प्रत्यक्ष पाहिली. कारखान्यात त्यांनी त्यासाठी चिठ्ठी वापरली. माल संपत आला की चिठ्ठी मागच्या टेबलावर जायची, आणि चिठ्ठी आल्याशिवाय नवं काही करायचं नाही. त्या चिठ्ठीचं नाव कानबान. तुम्हाला चिठ्ठीही नको. पातेल्यात आतून एक खूण ठरवा, चार डाव भाजी उरल्याची. भाजी खुणेला आली की दुसरी फोडणी, त्याआधी नाही. चिरून ठेवलेला फ्लॉवर रात्री फ्रिजमध्ये गेला तर सकाळी कामाला येतो, शिजवलेला येत नाही. म्हणून चिरून तयार ठेवा, शिजवून तयार ठेवू नका.

आणि भिंतीवर कालनिर्णय असेलच. रोज रात्री त्या तारखेच्या चौकोनात दोनपैकी एक गोष्ट लिहा: किती भाजी उरली, किंवा किती वाजता संपली. महिन्याभरात तुम्हाला दिसेल की संकष्टीला काय होतं, एकादशीला काय होतं, महिन्याच्या शेवटी काय होतं. पावसात गाड्या रखडल्या त्या दिवशी काय झालं, तेही दिसेल. श्रावणात तर पार्ल्यातला कांद्याचा हिशेबच बदलतो. अकरा वर्षांचा हा अंदाज तुमच्या डोक्यात आहे, पण डोक्यातला अंदाज घाबरून नेहमी जास्तच करायला लावतो. लिहिलेला आकडा धीर देतो.

आता तो तक्ता. चुकांचा, नावानिशी. तो आज काढा, उद्यावर टाकू नका.

आमच्या कारखान्यातही असा फळा होता. पंप जोडताना रबरी रिंग बसवायची राहून जायची. साहेबांनी जोडणाऱ्यांची नावं आणि पुढे चुकांचा आकडा लिहायला सुरुवात केली. दोन महिन्यांत आकडे शून्यावर आले, सगळे खूश. मग गळणारे पंप गिऱ्हाइकांकडून परत यायला लागले. चुका थांबल्याच नव्हत्या, सांगणं थांबलं होतं. आधी एखादी मुलगी स्वतःहून उठून यायची, “ताई, बहुतेक माझी एक रिंग राहिली, जरा उघडून बघता का?” फळा लागल्यावर ती गप्प बसायला शिकली. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

जपानमध्ये असंच करतात, असं तुमचा मुलगा म्हणतो ना, त्याला शिगेओ शिंगो यांची गोष्ट सांगा. १९६१ साली एका कारखान्यात छोटे स्विच जोडायचं काम चालायचं. प्रत्येकात दोन स्प्रिंगा घालायच्या. कधीतरी एक राहायची. कामगारांना ‘लक्ष द्या’ सांगून झालं होतं. शिंगोंनी एक बशी ठेवली. स्विच हातात घेण्याआधी दोन स्प्रिंगा बशीत काढायच्या, मग बसवायच्या. बशीत एक उरली तर तिथल्या तिथे कळतं. ते या युक्तीला आधी ‘बाका-योके’ म्हणायचे, म्हणजे मूर्खपणा टाळणारी. पुढे एका कारखान्यात ही युक्ती बसवल्यावर तिथे काम करणारी एक बाई रडायला लागली. मी काय एवढी मूर्ख आहे का, असं तिला वाटलं. शिंगोंना ते लागलं आणि १९६३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘पोका-योके’ केलं. पोका म्हणजे नकळत होणारी चूक, तुमच्या-माझ्या हातून कोणाच्याही होणारी. तुमच्या मावशींनी न बोलता तेच सांगितलंय जे त्या बाईने रडून सांगितलं. तिचं ऐकून जपानी माणसाने शब्द बदलला, तुमच्या मुलाला तक्ता काढायला काय हरकत आहे?

कांदा-लसणाची चूक तक्त्याने थांबणार नाही, भांड्याने थांबेल. बिनकांद्याच्या भाजीसाठी डबा चौकोनी घ्या, बाकी सगळे गोल. रंगाचं स्टिकर लावू नका, तेलकट हाताने आठवड्यात सुटतं आणि गर्दीत रंग कोणी बघत नाही. आकार हाताला कळतो. डावही वेगळा, लांब दांड्याचा, आणि तो त्या पातेल्याच्या कानाला साखळीने बांधलेला. चुकीच्या पातेल्यापर्यंत तो पोचायलाच नको.

जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याही काढा, पाणी आणि तेल पडलं की त्यांच्यावरून पाय घसरेल. नीटनेटकेपणाचे ते पाच जपानी शब्द पोस्टरवर वाचून तुमच्या बायका बिचकल्या असतील. त्यांना मिसळणाचा डबा दाखवा. सात वाट्या, एक झाकण, कशावरही नाव नाही, आणि मोहरी कुठे नि हळद कुठे ते हाताला न बघता कळतं. वस्तूला जागा आणि जागेला वस्तू, एवढंच त्या पोस्टरला म्हणायचंय.

बायकांनी विचारलेला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. लीन म्हणजे माणसं कमी करणार का? इंग्रजी शब्दाचा अर्थ सडपातळ, म्हणून ती भीती साहजिक आहे. हे नाव टोयोटाने दिलेलंही नाही. १९८८ साली जॉन क्राफचिक नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने ते वापरलं. (आपल्या मराठीत लीन म्हणजे नम्र. मला मनापासून वाटतं की त्या अर्थाने घेतलं तर हा शब्द जास्त बरोबर बसतो.) टोयोटा स्वतः १९५० साली बुडायच्या बेतात होती. कामगारकपात करावी लागली, मोठा संप झाला, आणि कंपनी उभी करणारे किइचिरो टोयोडा अध्यक्षपदावरून पायउतार झाले. ती जखम कंपनी विसरली नाही. त्यानंतर नोकरीची शाश्वती आणि सुधारणा या दोन गोष्टी तिथे हातात हात घालून चालल्या. साधी गोष्ट आहे, आपण सुचवलेल्या युक्तीने शेजारणीची भाकरी जाणार असेल तर युक्ती कोण सुचवेल? चौघींना एकत्र बसवून स्पष्ट सांगा की वेळ वाचला म्हणून कोणाचंही काम जाणार नाही. चारचे साडेसहा झाले तर जो मोकळा वेळ मिळेल त्यात काय करायचं तेही त्यांनाच विचारा. एखादी म्हणेल पुरणपोळीच्या ऑर्डरी घेऊ. एखादी म्हणेल मला उशिरा येऊ द्या, मुलांचं जेवण उरकून येते.

आणि त्यांनी काही सुचवलं तर दुसऱ्याच दिवशी करून बघा. हे मी जीव तोडून सांगते. आमच्याकडे जोडणीच्या टेबलावरच्या एका बाईने सुचवलं होतं की गॅस्केटचं कपाट पाठीमागे आहे ते डाव्या हाताला आणा, दिवसभर वळून वळून कंबर भरून येते. मंजुरी यायला चार महिने लागले. कपाट हललं, पण तिने पुन्हा कधी काही सुचवलं नाही, आणि तिच्या टेबलावरच्या बाकीच्यांनीही नाही.

आता मावशी. जपानी लोक तीन शब्द वापरतात: मुदा, मुरा, मुरी. नासाडी, कामातला कमी-जास्तपणा आणि शरीरावरचा ताण. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात पहिलाच शिकवला जातो, तिसरा राहून जातो. टोयोटाची मुळं कापड विणण्यात आहेत. किइचिरोंचे वडील साकिची टोयोडा आईला हातमागावर राबताना बघत मोठे झाले. १८९१ साली त्यांनी सुधारलेल्या लाकडी मागाचं पेटंट घेतलं, आणि पुढे धागा तुटला की आपोआप थांबणारा माग केला. आपल्या गिरणगावात साचेखात्यात, म्हणजे मागांवर, ज्यांनी आयुष्य काढलं त्यांच्या घरी विचारा, तुटक्या धाग्यावर डोळे लावून दिवसभर उभं राहणं काय असतं. आईचे कष्ट बघून जे सुरू झालं, त्याच्या नावाने तुमच्याकडे खांदा दुखणाऱ्या बाईला सेकंद मोजून दाखवले गेले.

म्हणून तुमच्या केंद्रातली पहिली सुधारणा मावशींच्या खांद्याची असू द्या. फोनचा नियम नंतर, पातेल्यातली खूण नंतर. ओट्यावर पोळपाट ठेवला की त्या वाकतात का? कोपर कुठे येतं? लाटताना खांदा वर उचलला जातो का? पोळपाटाखाली फळी घालून तो दोन-तीन इंच वर आणला, किंवा त्यांच्या पायाखाली पाट दिला, तर फरक पडेल. यातलं काय लागेल ते त्यांची उंची आणि ओट्याची उंची ठरवेल.

रविवारी मुलाला घेऊन नालासोपाऱ्याला जा. फोनवर हे होणार नाही. मोजल्याबद्दल त्याने स्वतः माफी मागावी, तवा आणि लाटण्याचा हिशेब त्यांना सांगावा, त्या मापात आहेत हे सांगावं. मग मापाची टेप पुढे करून पोळपाट किती उंच हवा ते मावशींनाच विचारावं. फळी त्यानंतर कापायला द्या.